तीन बोटांचा कीबोर्ड

एलाडिओ हर्नियाच्या ऑपरेशनला गेला
आणि रेमेदिओसबाईंनी मला त्याच्या खुर्चीत बसवलं.
विगो बंदर, चौथा मजला. खाली गोदीत
एका ट्रॉलरचं पोट उघडं पडलेलं.
त्याच्या शिड्या, कठडे, नळ
शुक्रवारपर्यंत कागदावर हवे होते.

रेघ मारायला मी एल दाबला.
काहीच नाही.
वर्तुळासाठी सी. स्क्रीन माझ्याकडे
परक्या मांजरासारखी बघत राहिली.
मग झेडवर चुकून करंगळी पडली
आणि अख्खी शिडी उभी राहिली,
अकरा पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा,
वेल्डिंगच्या खुणांसकट.

मी झटक्यात हात मागे घेतला.
दुसऱ्याच्या घरात दिव्याचं बटण दाबावं
आणि न्हाणीघरातला नळ सुरू व्हावा, तसं झालं.

दुपारी कँटीनमध्ये कळलं.
वर येण्याआधी एलाडिओ याच गोदीत पत्रे कापायचा.
डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट
तिथंच राहिलं, एका सोमवारी, चहाच्या सुट्टीआधी.
उरले तिघे: करंगळी, अनामिका, अंगठा.
त्यांना जिथवर पोचता येईल
तिथवर त्याने सगळं जहाज ओढून आणलं होतं.
क्यू म्हणजे रेघ. डब्ल्यू म्हणजे खोड.
ए म्हणजे नक्कल,
आणि ए दोनदा म्हणजे फ्लँज, आठ भोकांचा,
मापं आपोआप बाजूला बसलेली.
अंगठा स्पेसवर, सारखा हो हो म्हणणारा.
कीबोर्डचा उजवा भाग धूळ खात पडलेला,
भाडेकरू न मिळालेल्या खोल्यांसारखा.

हे सगळं एका फायलीत होतं.
कंसात कंस, त्या कंसात आणखी कंस,
आणि मध्येच त्याने स्वतःलाच लिहिलेली ओळ:
इथे हात लावू नकोस, का चालतं ते ठाऊक नाही.

बुधवारपर्यंत माझी दोन धडधाकट बोटं
हवेत राहायला शिकली.
गुरुवारी बारा वाजता सोळा शीट
प्रिंटरमधून गरम गरम उचलून
मी धावत बाईंच्या टेबलाशी गेले.
शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं,
मग काचेपलीकडच्या त्या रिकाम्या खुर्चीकडे.
"एलाडिओला किती वेळ लागत असेल, उशिया?"
"माझ्याहून कमीच," मी म्हणाले,
आणि वाक्य तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं.

चौदा वर्षं हीच शीट
साडेपाचला टेबलावर यायची,
मागोमाग पाठ चोळत तो.
त्याच्या खणात मी काय पाहिलं होतं?
शिंपल्यांचा डबा, अर्धी सोडवलेली शब्दकोडी,
एक जुनी दुर्बीण. मला वाटलं होतं,
रिटायर झाल्यावरची तयारी.

तीन आठवड्यांनी तो आला, टाक्यांवर हात धरून.
टेबलावरचा गठ्ठा नेहमीच्या दुप्पट.
त्याने तो उचलला, वजन केलं, खाली ठेवला.
"बाराला दिलंस?"
"हो."
तो पुढे काही बोलला नाही. ते जास्त वाईट होतं.
मी माझ्या जागेवर बसून
काहीतरी पुसत राहिले, पुन्हा काढत राहिले.

चारच्या सुमारास त्याने हाक मारली.
"एस दाब. तीनदा."
दाबला.
जहाज स्क्रीनवरून नाहीसं झालं
आणि पहिल्यापासून उमटू लागलं,
एक रेघ, थांबणं, आणखी एक रेघ,
नाळेपासून वरवंड्याकडे,
म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसं.
"हे काय करतं?"
"काही नाही. पण दारातून बघणाऱ्याला
मशीन फार दमलंय असं वाटतं."

मी घड्याळ लावलं. एकोणीस मिनिटं.
त्याने खणातून दुर्बीण काढली,
आधी स्वतः पाहिलं, मग माझ्या हातात दिली.
तिसऱ्या धक्क्यावर, एका बोटीच्या टपावर
एक माणूस मोजे वाळत घालत होता,
आणि त्याला कसलीच घाई नव्हती.